मिश्र वंशाचे खेळाडू एवढे पुढे कसे? रक्त, घर की मैदान?

संत्रा_स्मॅश (धागाकर्ता) :
नमस्कार मंडळी. आमच्या नागपूरच्या रामनगरातल्या बॅडमिंटन ग्रुपमध्ये परवा खेळ कमी आणि वाद जास्त झाला, तो इथे आणून टाकतो, कारण तिथे कोणाकडेच धड उत्तर नव्हतं.

विषय असा. फुटबॉलपटू लमिन यमालचे वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची, पोट्टा स्पेनकडून खेळतो आणि सतरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी युरो 2024 जिंकून मोकळा. फ्रान्सचा फुटबॉलपटू एम्बापे, त्याचे वडील मूळचे कॅमेरूनचे, आई अल्जेरियन घरातली. टेनिसवाल्या नाओमी ओसाकाची आई जपानी, वडील हैतीचे. एफवन ड्रायव्हर लुईस हॅमिल्टनची आई गोरी इंग्रज, वडिलांचं घराणं ग्रेनाडाचं. गोल्फवाल्या टायगर वुड्सची आई थाई, वडील आफ्रिकन-अमेरिकन. अमेरिकन फुटबॉलमधला पॅट्रिक माहोम्स, बेसबॉलचा डेरेक जीटर, दोघांचे वडील काळे आणि आई गोरी. आणि हे कोणी असेतसे नाहीत, आपापल्या खेळातले अगदी वरचे.

ग्रुपमधल्या एकाने जाहीर करून टाकलं की रक्त मिसळलं की दोन्हीकडचं चांगलं तेवढं पोरात उतरते. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते रक्ताचा वाटा फार थोडा, घराचा आणि मैदानाचा मोठा. पण मग एवढी नावं गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच एकदम कशी दिसायला लागली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या गप्पा बाजूला उभी असलेली लहान पोरंही ऐकत असतात म्हणून जास्तच वाटते की काहीतरी खरं सांगता आलं पाहिजे. ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा.

तर्री_पोहे :
भाऊ एवढा विचार काहून करून राहिले? संकरित बियाणं जास्त पिकते हे आपल्या विदर्भात शेंबड्या पोराले माहीत आहे. माणसातही तेच. विषय संपला.

बोंडवाला_काटोल :
तर्रीभाऊ, विषय संपला नाही, आत्ता सुरू झाला. माझं शिक्षण शेतकीचं आणि पोट कपाशीवर, त्यामुळे याच्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

संकरित वाण जोमदार असते ही गोष्ट खरी. 1970 मध्ये गुजरातेत एच-4 आली, व्यापारी लागवडीसाठीची जगातली पहिली संकरित कपाशी, आणि तिने आपल्या भागातल्या शेतीचं गणितच बदललं. पण तो जोम येतो कुठून ते पहा. आधी दोन शुद्ध वाणं तयार करावी लागतात. म्हणजे एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला, पुन्हा पुढच्या पिढीत तेच, असं करत करत झाडं एकसारखी होतात आणि बहुतेक वेळा कमजोरही होतात. मग अशी दोन वाणं एकमेकांशी जुळवली की पहिल्या पिढीत जोम दिसते. तेच बी घरचं ठेवून पुढच्या वर्षी पेरलं की उंच झाड, बुटकं झाड, बोंडं कमी, बोंडं जास्त, सगळा पसारा. म्हणून तर दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागते.

आता सांगा, माणसांमध्ये असं शुद्ध वाण कुठे आहे? थाई माणूस शुद्ध वाण नाही, काळा अमेरिकन तर नाहीच, त्यांच्यात आफ्रिकन, युरोपियन, कुठे कुठे मूळ अमेरिकन असं सगळंच आलेलं आहे. 1972 मध्ये रिचर्ड ल्युवाँटिन नावाच्या शास्त्रज्ञाने हिशोब मांडला होता, माणसामाणसांतल्या जनुकीय फरकापैकी 85 टक्क्यांच्या आसपास फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो, वंशावंशांमधला त्या मानाने थोडा. म्हणजे माझ्यात आणि माझ्या शेजाऱ्यात जेवढा फरक असू शकतो त्यावर वंशाची भर फार पडत नाही. कपाशीचा नियम माणसाला लावू नका राजेहो.

तर्री_पोहे :
ठीक आहे, कपाशी सोडली. पण मग शंभर मीटरच्या फायनलमध्ये सगळे एकसारखेच काहून दिसतात? काहीतरी असेलच न अंगात.

पेशी_न_पेशी :
तर्री, प्रश्न चांगला आहे. काहीतरी असतेच, कोणीही नाकारत नाही. एसीटीएन3 नावाचं जनुक आहे, त्याचा एक प्रकार जलद आकुंचन पावणाऱ्या स्नायूंशी जोडलेला आहे, वरच्या दर्जाच्या स्प्रिंटरांमध्ये तो जास्त सापडतो. पण तोच प्रकार जगातल्या बहुतेक लोकांकडे कमीत कमी एका प्रतीत असतो, तुमच्याकडे माझ्याकडेही असेल. तेवढ्याने कोणी बोल्ट होत नाही. उंची, फुफ्फुसं, स्नायू यांच्यात शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात असतो. दुसरं म्हणजे जगात सगळ्यात जास्त जनुकीय विविधता आफ्रिकेतच आहे. पळण्यात केनिया आणि इथिओपिया लांब पल्ल्याला पुढे, जमैका कमी पल्ल्याला, आणि आपण सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतो.

आणि मूळ प्रश्नासाठी महत्त्वाचं हे की मिश्र वंश म्हणजे कोणतं मिश्रण? जपानी-हैतियन, थाई-अमेरिकन, इंग्रज-ग्रेनाडियन यांच्यात समान असं जनुकीय काय आहे? काहीच नाही. एकाचा खेळ टेनिस, एकाचा गोल्फ, एक गाडी चालवतो. तिघांच्या यशाला एकच रक्ताचं कारण देताच येत नाही.

मोरभवन_ते_माद्रिद :
मला एक शंका. यमाल मिश्र वंशाचा कसा? आई आणि वडील दोघंही आफ्रिकेतल्याच देशांचे आहेत. एम्बापेचं पण तसंच. तुम्ही कोणालाही यादीत घेऊन राहिले.

संत्रा_स्मॅश :
@मोरभवन, शंका रास्त आहे, पण उत्तर आफ्रिका आणि मध्य आफ्रिका यांच्यात सहारा वाळवंट आहे, भाषा वेगळ्या, चेहरे वेगळे. स्पेनमध्ये लोक त्याच्याकडे कसं पाहतात यावर ठरते सगळं. आणि मला तर त्याच्याबाबत वेगळीच गोष्ट भारी वाटते, गोल केल्यावर बोटांनी 304 करून दाखवतो न, तो मातारोमधल्या रोकाफोंदा या त्याच्या वस्तीचा पिनकोड आहे, 08304 चे शेवटचे तीन आकडे. देश नाही, वंश नाही, मोहल्ला दाखवतो तो.

मोरभवन_ते_माद्रिद :
मग आपल्या पोट्ट्यांनी 010 दाखवावं, 440010 चे 😀

निवृत्त_पीटी_सर :
नमस्कार. अनेक वर्षं शाळेत आणि जिल्हा पातळीवर मुलांना धावायला शिकवलं, त्यामुळे या विषयावर मनापासून लिहितो.

रक्तावर भरोसा ठेवण्याचा प्रयोग आपल्या देशात सरकारी पातळीवर झालेला आहे, हे किती जणांना माहीत आहे? कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज, आता कोकणी-कन्नड बोलणारे, इथलेच झालेले. 1987 मध्ये मार्गारेट अल्वा क्रीडा खात्याच्या मंत्री असताना साईने (भारतीय क्रीडा प्राधिकरण) स्पेशल एरिया गेम्स नावाची योजना आणली आणि या समाजातून मुलं-मुली निवडून होस्टेलमध्ये नेली. विचार असा की यांचं मूळ आफ्रिकेत, म्हणजे हे ऑलिम्पिकची पदकं आणतील. मुलं खरंच चांगली निघाली, काहींनी राष्ट्रीय पातळीवर पदकं घेतली. आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला योजनाच गुंडाळली. मुलं घरी परतली, बऱ्याच जणांना पुन्हा मजुरी.

मला यातून जे दिसतं ते सांगतो. खेळाडू घडायला आठ-दहा वर्षं सलग लागतात. रोजचं जेवण, बूट, ट्रॅक, दुखापत झाली तर फिजिओ, आणि खेळ संपल्यावर नोकरी. रक्तात आहे म्हटलं की हे सगळं द्यायची जबाबदारी कोणावरच राहत नाही. पदक आलं तर रक्ताचं, नाही आलं तर पोराचा दोष. मला हा विचार अन्यायाचा वाटतो.

अजनी_एक्सप्रेस :
पीटी सर, तुमच्या पोस्टला हात जोडून नमस्कार. आता मी रेल्वेवाला, घरात दोन पिढ्या रेल्वेत, तर आमच्या बाजूची गोष्ट ऐका. मिश्र वंशाचे खेळाडू म्हटलं की सगळे अमेरिका-युरोपकडे पाहतात आणि आपल्या अंगणातले विसरून जातात.

1928 ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये हॉकीचं पहिलं सोनं आलं. कर्णधार जयपाल सिंग, पुढे ध्यानचंद, हे सगळ्यांना पाठ. पण त्या संघात निम्म्याहून जास्त अँग्लो-इंडियन, म्हणजे युरोपियन-भारतीय मिश्र वंशाचे होते हो! रिचर्ड अ‍ॅलन गोलकीपर, त्या पूर्ण स्पर्धेत त्याच्यावर एकही गोल झाला नाही. ब्रूम पिनिगर, लेस्ली हॅमंड, जॉर्ज मार्टिन्स, फ्रेडरिक सीमन. ध्यानचंदला बॉल पोचवायला मागे ही माणसं होती.

आता आपल्याजवळ या. हॉकीपटू लेस्ली क्लॉडियस, जन्म 1927, गाव बिलासपूर. तेव्हा बिलासपूर सीपी अँड बेरार प्रांतात आणि राजधानी आपलं नागपूर. हा पोरगा खरगपूरला बंगाल नागपूर रेल्वेच्या (बीएनआर) मैदानावर हॉकीत आला, तिथे 1932 च्या ऑलिम्पिकमधला डिकी कार होता, त्याने याला हेरलं. पुढे 1948, 52, 56 तीन सोनं आणि 1960 ला कर्णधार म्हणून चांदी. बीएनआर म्हणजे कोण, तर आज आपल्याकडे मोतीबाग आणि इतवारीवरून गाड्या धावतात ती लाईन तिचीच.

यांना हॉकी का यायची? रक्तामुळे नाही. रेल्वे, तारखातं, कस्टम्स इथे या समाजाला नोकऱ्या होत्या. रेल्वेच्या प्रत्येक मोठ्या कॉलनीत एक इन्स्टिट्यूट, तिच्याजवळ एक मैदान, ड्युटी संपली की संध्याकाळी हॉकी. पोरं शिकायची त्या मिशनरी शाळांत हॉकी म्हणजे जवळजवळ विषयच. चांगला खेळला की रेल्वे नोकरी द्यायची. घर, शाळा, मैदान, पगार, सगळं एका किलोमीटरच्या आत. स्वातंत्र्यानंतर समाजातले पुष्कळ लोक ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला गेले आणि आपल्या संघातून ही नावं कमी कमी होत गेली.

पण खेळ कुठे गेला? सोबत गेला. जबलपूरचं पियर्स कुटुंब पर्थला गेलं, पाच भाऊ आणि पाचही ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले. त्यातला एरिक पियर्स चार ऑलिम्पिक खेळला. 1968 ला मेक्सिकोत सेमीफायनलला आपल्याला ऑस्ट्रेलियाने 2-1 हरवलं, तो त्या ऑस्ट्रेलियाच्या संघात होता. जबलपूरचा माणूस! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार लागलं होतं मनाला.

तर्री_पोहे :
काका हे तर आम्हाला कोणी शिकवलंच नाही. जबलपूरचे पाच भाऊ... बाप्पा रे.

वर्धेकर :
अजनी काका आपल्या अंगणातले म्हणाले म्हणून लिहितो. ज्वाला गुट्टाचा जन्म आमच्या वर्ध्याचा आहे, 1983 चा. आई येलन चिनी, वडील तेलुगू. आईचं सेवाग्रामशी नातं गांधीजींमुळे, त्यांच्या घराण्यातले आजोबा गांधीविचाराने भारावलेले, त्या ओढीने हे लोक चीनमधून इकडे आले. पुढे कुटुंब हैदराबादला गेलं आणि ती तिथे घडली. 2010 ला दिल्ली कॉमनवेल्थमध्ये अश्विनी पोनप्पासोबत डबल्सचं सोनं, 2011 ला जागतिक स्पर्धेत ब्रॉन्झ. डावखुरी, नेटवर काय हात चालायचा तिचा.

मोरभवन_ते_माद्रिद :
पण ती हैदराबादचीच म्हणायला पाहिजे. वर्ध्यात फक्त जन्म झाला, खेळ तिथे शिकली. उगीच आपली आपली म्हणू नका.

वर्धेकर :
मोरभवन भाऊ, शिकली हैदराबादला हे मी वरच लिहिलं. पण मुद्दा वेगळा आहे. करोनाच्या काळात तिला काय काय ऐकावं लागलं आठवते का? चीनमध्ये तिची आजी वारली, तिने दोन ओळी लिहिल्या, तर खाली लोक विषाणूवरून सुरू. आजी गेलेल्या बाईला! चौदा-पंधरा वर्षं देशासाठी खेळलेली बाई. तेव्हा आम्ही वर्धेवाल्यांनी तरी म्हणायला पाहिजे होतं न की ही आमच्या गावची लेक आहे. म्हणून मी म्हणतो, आणि म्हणतच राहणार.

मोरभवन_ते_माद्रिद :
हे मात्र पटलं. म्हणा दादा.

नागपूर_ते_नागोया :
इथे जपानमध्ये बरीच वर्षं नोकरीनिमित्त आहे म्हणून ओसाकाबद्दल सांगतो. ती जन्मली ओसाका शहरात, तीन वर्षांची असताना कुटुंब अमेरिकेला गेलं. तिच्या वडिलांनी 1999 ला टीव्हीवर फ्रेंच ओपनमध्ये विल्यम्स बहिणींना पाहिलं आणि ठरवलं की आपल्या पोरींनाही असंच शिकवायचं. स्वतः टेनिसपटू नव्हते. त्या बहिणींच्या वडिलांनी, रिचर्ड विल्यम्सने, जे केलं ते डोळ्यासमोर ठेवून रोज कोर्टवर पोरींना घेऊन उभे. 2018 ला तिने सेरेनालाच हरवून यूएस ओपन घेतली. चार ग्रँड स्लॅम आहेत तिची. याच्यात रक्त कुठून आलं?

आणि दुसरी बाजू. 2019 मध्ये इथल्या एका नूडल्स कंपनीने तिचं कार्टून जाहिरातीत काढलं तर रंग गोरापान आणि केस तपकिरी करून टाकले, टीका झाल्यावर मागे घेतलं. 2021 ला टोकियो ऑलिम्पिकची ज्योत तिच्या हाताने पेटली, मी टीव्हीपुढे बसून रडलो खरं सांगतो. आणि तिसऱ्याच राऊंडमध्ये हरली तेव्हा इथल्या बातम्यांखाली लोक लिहायला लागले की हिला जपानी तर धड बोलता येत नाही, हिला ज्योत का दिली. त्याच ऑलिम्पिकमध्ये जपानचा झेंडा धरणारा बास्केटबॉलवाला रुई हाचिमुरा, आई जपानी, वडील आफ्रिकेतल्या बेनिनचे, त्यालाही शिव्यांचे मेसेज येतात. जर्मनीचा फुटबॉलपटू ओझिल, त्याने 2018 ला संघ सोडताना हेच लिहिलं होतं, जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की बाहेरून आलेला. तो मिश्र वंशाचा नाही, तुर्की घरातला आहे, पण दुखणं सारखंच.

संपादक_मंडळ :
रंगरूपावरून केलेली एक पोस्ट काढली आहे. धागा चांगला चालला आहे, तसाच चालू द्या.

अबोली :
बरेच दिवस इथे फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं.

माझे मिस्टर घानाचे. नागपूरला शिकायला आले होते, आता इथेच व्यवसाय आहे. मुलगा सातवीत. घरात मराठी, इंग्रजी आणि थोडी त्यांची भाषा. त्याला सावजी माझ्यापेक्षा जास्त तिखट चालतं.

तो पाचवीत असल्यापासून शाळेत, सोसायटीत, नातेवाइकांत एकच वाक्य, हा मोठा झाला की धावण्यात मेडल आणेल बघा. कोणाचा वाईट हेतू नसतो, प्रेमानेच बोलतात. स्पोर्ट्स डे आला की त्याला न विचारता शंभर मीटरला नाव. तो धावतो, मधल्या कुठल्यातरी नंबरवर येतो, आणि मग शिक्षकांचा चेहरा पडतो, जसं काही याने मुद्दाम कमी धावलं. एकदा तर घरी येऊन म्हणाला, आई, माझ्यात काही कमी आहे का? बाकीची मुलं चौथी-पाचवी आली तर कोणी काही म्हणत नाही.

त्याला बुद्धिबळ आवडतं. दिव्या देशमुख 2025 ला बातुमीला हंपीला हरवून वर्ल्ड कप जिंकली तेव्हा आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता, आपल्या नागपूरची आहे आई, आपल्या नागपूरची. क्लासला नाव घालायला गेलो तर तिथले एक जण म्हणाले, याला अ‍ॅथलेटिक्सला का नाही टाकत?

धागा वाचून एवढंच सांगायचं की "मिश्र रक्त भारी" हे ऐकायला कौतुकाचं वाटतं, पण ज्या मुलाच्या डोक्यावर ते बसतं त्याला जड जातं.

निवृत्त_पीटी_सर :
अबोली ताई, मुलाला सांगा की शंभर मीटरला मधल्या नंबरवर येणारी पोरंच आयुष्यभर खेळ टिकवतात. आणि पुढच्या वेळी नाव घालताना त्याला विचारा असं शाळेला लेखी द्या, हा त्याचा हक्क आहे.

तर्री_पोहे :
ताई, सुरुवातीची माझी पोस्ट कोणत्या वाईट हेतूने नव्हती, हे तुम्हाला कळलं असेलच. तुमच्या पोट्ट्याले माझ्याकडून एक प्लेट तर्री पोहे, जास्तीची तर्री मारून. आणि बुद्धिबळात मी हरायला तयार आहे.

अबोली :
हो दादा, कळलं. त्याला निरोप देते, पोह्यांचा आधी 🙂

मॅचवेडा_महाल :
अबोली ताईंनी लिहिलं त्याला अमेरिकेतही इतिहास आहे. तिकडच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे डावपेच ठरवणारी जागा. कितीतरी वर्षं काळ्या पोरांना कॉलेजनंतर त्या जागेवरून हलवून पळायच्या जागी टाकायचे, समज असा की पाय चालतात, डोकं नाही. डग विल्यम्स 1988 ला सुपर बोल, म्हणजे तिकडच्या लीगची फायनल, जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक. आणि सुरुवातीचे दोन्ही क्वार्टरबॅक काळे असलेला सुपर बोल थेट 2023 ला झाला, माहोम्स विरुद्ध जेलन हर्ट्स. माहोम्सचे वडील स्वतः मोठ्या लीगमधले बेसबॉल पिचर, पोरगा लहानपणापासून क्लबहाऊसमध्ये वाढलेला. बास्केटबॉलवाल्या स्टेफ करीचे वडील एनबीएत (अमेरिकेची बास्केटबॉल लीग), आई कॉलेजची व्हॉलीबॉल खेळाडू. त्याच खेळातल्या क्ले थॉम्प्सनचे वडील एनबीएत, आई व्हॉलीबॉल. एम्बापेचे वडील बाँडीला फुटबॉल कोच, आई वरच्या पातळीवर हँडबॉल खेळलेली. संत्राभाऊ, घराचा तुमचा मुद्दा इथे सिद्धच होते.

आता ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्सवर लिहितो, कारण नागपूरचा धागा आणि तो नाही असं होऊ शकत नाही. 14 ऑक्टोबर 2007, सिव्हिल लाइन्सचं जुनं व्हीसीए मैदान, जामठ्याचं नवं स्टेडियम तेव्हा व्हायचं होतं. नाबाद 107 मारले त्याने, आपण 18 धावांनी हरलो. मी होतो स्टँडमध्ये. सिक्स गेला की आजूबाजूला एकच, याच्या अंगातच राक्षसी ताकद आहे हो. कोणी म्हणालं नाही की हा गॅप किती हुशारीने शोधून राहिला, स्पिनरला पाय कसे वापरून राहिला. हाच माणूस मीडियमही टाकायचा, ऑफस्पिनही टाकायचा, आणि फिल्डिंगमध्ये त्याच्या हातात बॉल गेला की लोक धाव काढायला घाबरायचे. त्याच दौऱ्यात आधी वडोदऱ्याला आणि नंतर वानखेडेवर त्याला माकडाचे आवाज काढून चिडवलं. बर्मिंगहॅममध्ये जन्म, कॅरिबियन वंशाचा वारसा, लहानपणीच दत्तक गेलेला आणि ऑस्ट्रेलियात वाढलेला, 1995 ला इंग्लंड ए कडून बोलावणं आलं तर नाही म्हणाला, मी ऑस्ट्रेलियाचाच. 2022 ला गाडीच्या अपघातात गेला. त्याची नागपूरची ती इनिंग आठवली की अजून वाटते, आपण पाहिलं पण ओळखलं नाही.

वाचनवेडी_धंतोली :
संत्राभाऊंचा मूळ प्रश्न मधेच राहून गेला, की ही नावं गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच का. त्याला कारण कायदा आहे.

अमेरिकेत 1967 पर्यंत कितीतरी राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्न गुन्हा होता. लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले. आता जन्मसालं पहा, जीटर 1974, टायगर 1975. म्हणजे अशा लग्नांना देशभर मोकळीक मिळाल्यावर जी पहिली पिढी जन्मली ती नव्वदच्या दशकात मैदानावर आली. शिवाय 2000 च्या जनगणनेपर्यंत तिकडे एकापेक्षा जास्त वंश नोंदवायची सोयच नव्हती. त्यापूर्वीही होतेच की. बेसबॉलवाल्या रॉय कँपानेलाचे वडील इटालियन वंशाचे, आई काळी. तो सरळ काळा मानला गेला, आधी काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळला, 1948 ला मोठ्या लीगमध्ये आला आणि तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोणी त्याला मिश्र वंशाचा तारा म्हटलं नाही.

आणि दक्षिण आफ्रिकेत क्रिकेटपटू बेसिल डॉलिव्हिएरा. केपटाऊनचा, तिकडच्या कायद्याने कलर्ड म्हणजे मिश्र वंशाचा. तिथे त्याला देशाकडून खेळणं तर सोडाच, गोऱ्यांच्या मैदानावर पाय ठेवता येत नव्हता. 1960 ला इंग्लंडला गेला, 1966 ला पस्तिशीच्या आसपास इंग्लंडकडून कसोटी खेळला, आणि 1968 ला ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध 158. तरी इंग्लंडच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यातून आधी वगळलं, मग संघातला टॉम कार्टराइट बाहेर पडल्यावर घेतलं, तर तिकडचे पंतप्रधान फोर्स्टर म्हणाले हा संघ आम्हाला चालत नाही. दौराच रद्द झाला आणि पुढे दक्षिण आफ्रिका वीसेक वर्षं कसोटी क्रिकेटच्या बाहेर राहिली. डॉलिव्हिएराचं रक्त 1950 मध्येही तेच होतं. मैदान बंद होतं.

संत्रा_स्मॅश :
ताई, हेच हवं होतं. म्हणजे दार उघडल्यावर लोक आत दिसायला लागले, आणि आपल्याला वाटलं की हे अचानक जन्माला आले.

तर्री_पोहे :
माझी एक शेवटची शंका. दार उघडलं हे मान्य, पण दार तर सगळ्यांसाठी उघडलं, मग हे लोक संख्येच्या मानाने जास्त पुढे कसे?

पेशी_न_पेशी :
जास्त आहेत हे कशावरून? आपण यशस्वी लोकांची यादी केली आणि मागे वळून त्यांचे आईवडील पाहिले. जे मिश्र वंशाचे लाखो पोरं बँकेत, दुकानात, शाळेत आहेत ती यादीत नाहीत. आणि उलट बाजूने बोल्ट, मेस्सी, जोकोविच, फेल्प्स, तेंडुलकर यांची यादी करून कोणी म्हणत नाही की एकाच वंशाचं रक्त भारी. तुलना करायची तर सगळे मोजावे लागतील.

अजनी_एक्सप्रेस :
आणि तर्री, हॅमिल्टनचं उदाहरण घे. आठव्या वर्षी कार्टिंग सुरू, बाप एकाच वेळी दोन-तीन कामं करून टायरचा आणि इंजिनचा खर्च काढायचा, तेराव्या वर्षी मॅक्लारेनने हात धरला. आज सात वर्ल्ड टायटल आहेत. तो बाप नसता तर? एफवनमध्ये त्याच्याआधी एकही काळा ड्रायव्हर नव्हता, आणि त्याच्यानंतरही रांग लागलेली नाही. खेळच एवढा महाग आहे.

तर्री_पोहे :
हव काका. बापावर येऊन थांबलो मी, रक्त बाजूला ठेवतो. पण थोडंसं असते, एवढं तर म्हणू द्या.

पेशी_न_पेशी :
थोडंसं म्हणा, कोणाची ना नाही. फक्त वंशाचं म्हणू नका, त्या माणसाचं म्हणा.

नागपूर_ते_नागोया :
भारताच्या बाबतीत एक राहिलं. अराता इझुमी नावाचा फुटबॉलपटू, आई जपानी, वडील गुजराती. पुणे एफसीकडून खेळायचा. आपल्या नियमाप्रमाणे परदेशी पासपोर्टवाल्याला, ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलं तरी, देशाकडून खेळता येत नाही, म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि 2013 ला भारताकडून खेळला. इथून जपानी पासपोर्ट सोडणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. हा नियम बदलावा का यावर वेगळा धागा व्हायला पाहिजे.

वर्धेकर :
व्हायलाच पाहिजे. माझं मत नियम सैल करावा. ज्याला खेळायचं आहे त्याला खेळू द्या.

मॅचवेडा_महाल :
माझा विरोध. मग आपल्या गावातल्या पोरांना कोण पाहणार? बाहेरून तयार माल येईल. त्या धाग्यावर बोलू.

अबोली :
मुलगा विचारतो आहे की क्लॉडियसला बुद्धिबळ यायचं का 😀 आणि अजनी काका, त्याला बीएनआरच्या हॉकीबद्दल अजून वाचायचं आहे. शाळेत प्रोजेक्ट आहे, विषय स्वतः निवडायचा आहे, त्याने हा निवडला.

अजनी_एक्सप्रेस :
बुद्धिबळाचं नाही सांगता येत बेटा, पण फुटबॉल मात्र तो आधी खेळायचा, हॉकीत नंतर आला. प्रोजेक्टमध्ये नकाशा काढ, बिलासपूर, जबलपूर, खरगपूर, नागपूर, आणि त्यावर रेल्वेलाईन आख. मोतीबागेत नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय आहे ते आईबाबांसोबत पाहून घे. रविवारपर्यंत मी वेगळा धागा काढतो, त्यात माझ्याकडे आहे ते सगळं लिहीन. पीटी सर, तुम्ही पण या तिकडे.